किट ट्रकच्या गिअरबॉक्सात ग्रीस कुठे, किती आणि कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: टामिया या जपानी कंपनीचा १/१४ मापाचा, रिमोटवर चालणारा किंग हॉलर मॉडेल ट्रक बांधायला घेतलाय, हा पहिलाच किट. सोबत ग्रीसची एक छोटी ट्यूब आलीय. मॅन्युअलमध्ये जागोजागी ट्यूबचं चित्र काढलंय, पण किती लावायचं ते कुठे सांगितलेलं नाही. ट्यूब पुरेल का? नाही पुरली तर गॅरेजमधलं एपी-थ्री ग्रीस, शिलाई मशीनचं तेल किंवा डब्ल्यूडी-४० चालेल का? आणि गिअरबॉक्स पुन्हा कधी उघडायचा?

ट्यूब पुरेल, बहुधा उरेलही. एपी-थ्री नको. शिलाई मशीनचं तेल काही ठरावीक जागी उत्तम. डब्ल्यूडी-४० बांधणीच्या टेबलावरून उचलून ठेवा. घाईत असाल तर एवढ्यावर काम भागेल. पण तुमचा पहिलाच किट आहे म्हणताय, तर एक गोष्ट आधी सांगतो, कारण ती मॅन्युअलमध्ये नसते: ट्यूबचं झाकण उघडण्याआधी गिअरबॉक्स एकदा पूर्ण कोरडा बांधा, हाताने फिरवून बघा, मग उघडा, आणि मगच ग्रीस लावा.

लोकांना हे दुप्पट काम वाटतं. पण ग्रीस दोष लपवतं. शाफ्ट बुशमध्ये (तो ज्यात फिरतो त्या छोट्या नळीत) किंचित टाइट असेल, गिअरच्या एखाद्या दातावर साच्याची पापडी राहिली असेल, डब्याचे स्क्रू वाकडे आवळले गेले असतील, तर कोरड्या गिअरबॉक्सात ते बोटाला लगेच कळतं. त्याच डब्यात ग्रीस भरलं की सगळं मऊ, लोण्यासारखं फिरायला लागतं आणि आपण खूश होतो. पुढे दोन-तीन बॅटऱ्या संपेपर्यंत ग्रीस त्या अडचणीच्या जागेतून पिळून बाहेर जातं, घर्षण जिथल्या तिथे राहतं, मोटर तापते आणि दाते झिजतात. मग माणूस म्हणतो, ग्रीस खराब होतं.

कोरड्या चाचणीत नेमकं काय बघायचं? आधी प्रत्येक शाफ्ट सुटा घेऊन त्याच्या बुशमध्ये किंवा बेअरिंगमध्ये घाला. डबा उभा धरला की शाफ्ट स्वतःच्या वजनाने घसरला पाहिजे. अडकला तर टोकाला बर, म्हणजे कापताना उरलेली धातूची धारदार कड, आहे का बघा. धातूच्या शाफ्टवर सर्क्लिपच्या (शाफ्टवर अडकवायच्या कडीच्या) खाचेपाशी आणि सपाट कापलेल्या भागाच्या कडेला हमखास बर असते. बाराशे नंबरचा पॉलिश पेपर दोन फेरे फिरवला की जाते. मग सगळे गिअर बसवून डबा बंद करा आणि मोटर न लावता शेवटचा शाफ्ट बोटांनी हळू फिरवा. अडथळा सारखाच, सलग जाणवत असेल तर कुठेतरी दाब आहे, बहुतेक वेळा डब्याच्या स्क्रूंचा. एकेक स्क्रू पाव फेरा सैल करत जा. ज्या स्क्रूला गिअरबॉक्स मोकळा होतो, तिथे दोष. अडथळा मात्र ठरावीक अंतराने येत असेल, तर एखाद्या गिअरचा दात बिघडलेला आहे. प्रत्येक गिअरवर मार्करने एक ठिपका द्या आणि अडखळतं त्या क्षणी कोणता ठिपका दर वेळी त्याच जागी येतो ते पाहा. तोच गिअर काढून दिव्यासमोर धरा. प्लॅस्टिकचा असेल तर साच्यातून तोडल्याचा बुंधा दाताच्या मुळाशी राहिलेला दिसेल. तो धारदार ब्लेडने कापा. दातावर कानस मात्र चालवू नका, दाताचा आकार एकदा गेला की परत येत नाही.

धातूचे भाग ग्रीस लावण्याआधी धुवायचे. कारखान्यातून येताना त्यांच्यावर गंजापासून वाचवायचं तेल असतं आणि कधीकधी बारीक किसही. हा किस ग्रीसमध्ये मिसळला की पॉलिश करायची पेस्टच तयार होते. धातूला रॉकेल चालेल, पण नंतर साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन पूर्ण कोरडं करायचं. प्लॅस्टिकच्या गिअरांना फक्त भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. थिनर आणि पेट्रोल प्लॅस्टिकच्या जवळपासही आणू नका. थिनरने एबीएस आणि पॉलिस्टायरीन ही प्लॅस्टिकं विरघळतात. पेट्रोलने भाग तेव्हा साबूत दिसला तरी स्क्रूच्या भोकाभोवती ताण असतो, तिथून पुढे तडा जातो.

आता ग्रीसकडे वळू. ग्रीस म्हणजे तेल, आणि ते तेल धरून ठेवणारा साबणासारखा घट्ट घटक. वंगण करतं ते तेल. घट्ट घटक फक्त ते जागेवर ठेवतो आणि गरजेप्रमाणे थोडंथोडं सोडतो. हा घट्टपणा एनएलजीआय नावाच्या क्रमांकांनी मोजतात, ०००पासून ६पर्यंत. गाडीच्या चाकांच्या बेअरिंगला साधारण २ किंवा ३ नंबरचं वापरतात. आपल्याकडे गॅरेजमध्ये ज्याला एपी-थ्री म्हणतात त्यातला तीन म्हणजे हाच नंबर. आपल्या छोट्या दात्यांना तो फार घट्ट पडतो. दात फिरताना ग्रीस दोन बाजूंना ढकलतो आणि ते तिथेच भिंतीसारखं उभं राहतं. परत दातांवर वाहून येण्याइतकी उष्णता आपल्या डब्यात तयारच होत नाही. म्हणजे डबा भरलेला आणि दाते कोरडे. एपी-थ्रीने गिअरांचं नायलॉन किंवा ॲसिटल वितळेल अशी भीती काही जण घालतात, तसं काही होत नाही. ही दोन्ही प्लॅस्टिकं खनिज तेलाला चांगली टिकतात. अडचण घट्टपणाची आहे. शिवाय हेच ग्रीस चुकून ट्रकच्या केबिनच्या प्लॅस्टिकला लागलं तर ती अडचण वेगळी, तिच्याकडे पुढे येतो.

या ट्रकमध्ये एकच ग्रीस सगळीकडे का चालत नाही, हे आकड्यांवरून पटेल. किटमधली ५४० मापाची मोटर ७.२ व्होल्टवर बिनओझ्याने मिनिटाला साधारण १५ हजार फेरे घेते. तीन गिअरच्या गिअरबॉक्सातून पहिल्या गिअरला साधारण ३२:१ आणि तिसऱ्याला साधारण ११:१ इतकी गती कमी होऊन ती चाकांपर्यंत जाते. म्हणजे मोटरचं पिनियन (तिच्या शाफ्टवरचा छोटा गिअर) १५ हजार फेऱ्यांनी घोंगावत असताना मागचं चाक पहिल्या गिअरमध्ये पाचशेच्याही आत असतं. पिनियनवरचं ग्रीस जोरात भिरकावलं जातं, त्यावर दाब मात्र कमी. ॲक्सलमध्ये उलट, वेग अगदी कमी आणि दातांवर दाब प्रचंड, त्यातून मागे लाकडाने भरलेला ट्रेलर जोडलेला असेल तर विचारूच नका. म्हणून मोटरकडच्या बाजूला मऊ ग्रीस आणि ॲक्सलकडे चिकट, जड ग्रीस (त्यातल्या डिफरन्शियलचं वेगळं, ते पुढे). मधल्या शाफ्टना किटमधलं सिरॅमिक ग्रीस चालतं.

लावायचं कसं, ते जरा बारकाईने सांगतो. ट्यूब थेट गिअरवर पिळू नका. बाटलीच्या झाकणात वाटाण्याएवढं ग्रीस काढा. दात कोरायच्या काडीचं टोक चावून थोडं ब्रशसारखं करा, किंवा रंगाचा जुना बारीक ब्रश घ्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच गिअरला लावायचं, शक्यतो मोठ्याला. दातांच्या माथ्यावर लावू नका. दोन दातांमधल्या दरीत, बुडाशी पातळ थर बसवा. मग जोडीदार गिअर बसवून हाताने दहा-वीस फेरे द्या. ग्रीस दोन्हींवर सारखं पसरेल आणि जास्तीचं बाजूंना फुगून बाहेर येईल. ते बाजूला आलेलं काडीने काढून परत झाकणात टाका. दाते ओले, चमकदार दिसले पाहिजेत, पण खालचा प्लॅस्टिकचा रंग दिसला पाहिजे. रंग दिसत नसेल तर ग्रीस जास्त झालं.

जास्त लावलं तर बिघडतं काय, असं विचाराल. एक तर बॅटरी जाते. मोटर दर फेऱ्याला ग्रीस घुसळते, आणि ती ताकद चाकापर्यंत न जाता उष्णता बनून डब्यात राहते. हवं तर मोजून बघा. मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत लावून बॅटरीच्या एका वायरमध्ये जोडा, चाकं हवेत धरा आणि अर्ध्या थ्रॉटलवर कोरड्या गिअरबॉक्सचा आकडा लिहून ठेवा. थ्रॉटल हळू वाढवा आणि चाक हाताने अडवू नका, नाहीतर मीटरचा फ्यूज जाईल. कोरडा गिअरबॉक्स फार वेळ चालवू नका, अर्धा मिनिट पुरे. ग्रीस लावल्यावर पुन्हा मोजा. आकडा तेवढाच राहायला हवा, नाहीतर किंचित कमी व्हायला हवा. वाढला तर ग्रीस जास्त झालंय किंवा चुकीच्या जागी जड ग्रीस गेलंय. यात अंदाजाला जागाच राहत नाही, म्हणून मला ही पद्धत आवडते.

गिअर बदलण्याची यंत्रणा हा या किटमधला नाजूक भाग. सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या इशाऱ्यावर हलणारी छोटी मोटर, एक काटा सरकवतो आणि काटा शाफ्टवरचा गिअर इकडून तिकडे नेतो. ज्या शाफ्टवरून गिअर सरकतो, तिथे ग्रीस लावायचा मोह सगळ्यांनाच होतो आणि तिथेच गिअर अडकायला लागतात. सर्व्होचा जोर मर्यादित असतो, शिवाय किटमध्ये काट्याच्या जोडणीत स्प्रिंग असते, म्हणून चिकट ग्रीस असलं की गिअर अर्ध्यातच थांबतो आणि दाते एकमेकांवर कडकड घासतात. सरकणाऱ्या शाफ्टला फक्त पातळ तेल. शिलाई मशीनचं तेल इथे अगदी योग्य. एक थेंब कापडावर घेऊन शाफ्ट पुसून काढा, बस. काट्याचं टोक गिअरच्या ज्या खाचेत बसतं, तिथे मात्र किटच्या ग्रीसचा ठिपका हवा, कारण तिथे घासणं सतत चालू असतं. ट्रक जागेवर उभा असताना गिअर पडत नसेल आणि किंचित पुढे सरकल्यावर पडत असेल, तर त्यात वंगणाचा काही दोष नाही. दातासमोर दात आलेला असतो, खऱ्या गाडीतही तसंच होतं.

बुश आणि बेअरिंग. किटमध्ये काही ठिकाणी पितळी-तपकिरी रंगाचे बुश येतात. ते ठोकून दाबलेल्या धातूच्या भुकटीचे असतात, आत बारीक छिद्रं असतात आणि त्यांत तेल भिजवलेलं असतं. शाफ्ट तापला की तेल बाहेर येतं, थंड झाला की परत शोषलं जातं. अशा बुशला ग्रीसने माखलं तर छिद्रं बुजतात. एक थेंब पातळ तेल, तेही जुन्या किटमधून काढलेले असतील तरच. प्लॅस्टिकच्या बुशला किटचं ग्रीस शाफ्टला पुसल्यासारखं लावा. मनातलं सांगायचं तर प्लॅस्टिकचे बुश ठेवूच नका. हा ट्रक हळू चालतो आणि जड ओझं ओढतो, अशा कामात प्लॅस्टिक बुश लांबट झिजतो, शाफ्ट तिरका होतो आणि मग गिअरचे दाते टोकावर घासतात. बेअरिंगचा पूर्ण संच घ्या. नाव बहुतेकदा मापावरूनच पडलेलं असतं, ११५० म्हणजे बाहेरून ११ मिलिमीटर, आतून ५ आणि जाडी ४. दोन्ही बाजूंना धातूचं किंवा रबराचं झाकण असलेल्या बेअरिंगमध्ये कारखान्यातच वंगण भरलेलं असतं, त्याला वरून काही लावायचं नाही.

मोटर हा वेगळा विषय, पण विचारणारे विचारतातच. चंदेरी डब्याच्या ५४० मोटरच्या दोन्ही टोकांना तसेच तेल शोषणारे बुश असतात. सुईच्या टोकावर घेतलेला एक थेंब प्रत्येक टोकाला पुरे. मागच्या, म्हणजे ब्रशकडच्या टोकाला जपून. तेल कम्युटेटरवर, म्हणजे ब्रश ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर घासतात तिथे, गेलं तर ब्रशच्या कार्बनच्या भुकटीत मिसळून काळा लगदा होतो आणि तो तांब्याच्या पट्ट्यांमधल्या फटींत बसतो. मोटर मग अडखळायला लागते, लोक बॅटरीला दोष देतात.

आता डिफरन्शियल (थोडक्यात डिफ), म्हणजे दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. एकाच ग्रीसने ट्रकची चाल बदलते ती इथे. किंग हॉलरला तीन ॲक्सल, त्यातल्या मागच्या दोन्हींना मोटरची ताकद मिळते आणि दोन्हींत बेव्हल (शंकूच्या आकाराच्या) गिअरचा डिफ असतो. डिफमधले छोटे गिअर टामियाच्या बहुतेक किटांत ओतीव धातूचे येतात. त्यांचे दात यंत्रावर कापलेले नसल्याने सुरुवातीला खरखरीत असतात आणि एकमेकांवर घासून गुळगुळीत होतात. या काळात निघणारी राखाडी भुकटी ग्रीसमध्ये अडकते. म्हणून डिफ पहिल्यांदा बांधताना किटचं साधं ग्रीस घाला आणि चार-पाच बॅटऱ्यांनंतर उघडून, पुसून ताजं भरा. दुसऱ्या भरणीला काय घालायचं, ते ट्रक चालवणार कुठे यावर ठरतं.

घरात, फरशीवर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये चालवणार असाल तर साधंच ग्रीस ठेवा. डिफ मोकळा असला की वळताना आतलं आणि बाहेरचं चाक आपापल्या वेगाने फिरतात, ट्रक छान वळतो. मैदानात, खडीवर, चढावर चालवणार असाल तर मोकळा डिफ त्रास देतो. एक चाक हवेत गेलं की सगळी ताकद त्याच चाकाकडे पळते आणि ट्रक जागच्या जागी उभा. अशा वेळी टामियाचं अँटी-वेअर ग्रीस घाला. हे विलक्षण चिकट असतं, बोटाला लागलं तर साबणाने दोनदा धुवावं लागतं. डिफमध्ये ते गच्च भरायचं. भरपूर ग्रीस हेच बरोबर असलेली या ट्रकमधली ही एकमेव जागा, कारण इथे आपल्याला घर्षण हवंच आहे. ते डिफला पूर्ण लॉक करत नाही, फक्त चाकांना सुटं पळू देत नाही.

काही जण डिफमध्ये गरम गोंद ओततात किंवा इपॉक्सी पुटी भरून तो कायमचा लॉक करतात. दगडांवर चढणाऱ्या ट्रेल ट्रकला ते ठीक, पण दोन मागचे ॲक्सल असलेल्या लांब ट्रकला मी तसं करायला सांगणार नाही. दोन्ही ॲक्सल लॉक झाले की वळताना चारी जागची चाकं फरशीवर घासत ओढली जातात, स्टिअरिंग असलेली पुढची दोन चाकं नुसती सरळ ढकलली जातात आणि तो सगळा ताण गिअरबॉक्सची ताकद ॲक्सलकडे नेणाऱ्या प्रॉप शाफ्टच्या जोडांवर येतो. चिकट ग्रीसने काम होत असेल तर तिथेच थांबा.

ज्यांच्याकडे सीलबंद डिफ असलेले मॉन्स्टर ट्रक किंवा शॉर्ट कोर्स ट्रक आहेत, त्यांचं गणित वेगळं. त्यात ग्रीसऐवजी सिलिकॉन तेल जातं आणि ते सेंटिस्टोक या मापात मिळतं. पाणी म्हणजे १ सेंटिस्टोकच्या आसपास, डिफचं तेल साधारण हजारापासून काही लाखांपर्यंत. काठोकाठ भरू नका. आतल्या आडव्या पिनपर्यंत भरा, गिअर जेमतेम बुडतील एवढं, आणि वर थोडी हवा ठेवा. तापल्यावर तेल फुगतं आणि जागा मिळाली नाही तर ओ-रिंगमधून बाहेर येतं. जाड तेल ओतलं की बुडबुडे वर यायला वेळ लागतो. लाखभर सेंटिस्टोकचं तेल असेल तर डबा उघडा ठेवून झोपायला जा, सकाळी झाकण लावा.

प्रॉप शाफ्ट आणि त्याचे जोड उघड्यावर असतात, हवेतली धूळ त्यांना थेट लागते. इथे ओलं ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण. आपल्याकडे मार्च ते मे या महिन्यांत मैदानावर ट्रक एकदा फिरवला तरी ग्रीस लावलेला जोड तांबड्या भुकटीने माखतो. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत तर विचारायलाच नको, ती अगदी बारीक असते. बाहेर चालवत असाल तर जोडांना कोरडं पीटीएफई (टेफ्लॉन) वंगण वापरा. ते द्रवात मिळतं, द्रव उडून जातो आणि पांढरट थर उरतो. लांबी कमी-जास्त होणाऱ्या शाफ्टच्या सरकत्या भागाला मात्र मॉलिब्डेनम ग्रीसचा अगदी पातळ थर हवा, कारण तिथे धातूवर धातू दाबाखाली घासतो. हे काळं ग्रीस अशाच जागेसाठी असतं. फक्त घरात दाखवायला ठेवणार असाल तर सगळ्या जोडांना मॉलिब्डेनम लावा, काही बिघडणार नाही.

पट्ट्यांच्या स्प्रिंगला, म्हणजे लीफ स्प्रिंगला, ग्रीस लावू नका. पट्ट्या एकमेकींवर घासतात तेच या ट्रकचं थोडंफार शॉक ॲब्सॉर्बरचं काम असतं. तिथे वंगण दिलं की रिकामा ट्रक खड्ड्यावर चेंडूसारखा उसळतो. कुरकुर फारच होत असेल तर कोरडं पीटीएफई. ट्रेलर जोडायच्या गोल तबकडीला, ज्याला चालक मंडळी फिफ्थ व्हील म्हणतात, मात्र थोडं ग्रीस लावायला हरकत नाही. खऱ्या ट्रेलरची ती तबकडी काळ्या ग्रीसने माखलेली असते, त्यामुळे मॉडेलही खरं दिसतं.

आता जिथे ग्रीस जाताच कामा नये अशा जागा. पहिली, लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावायच्या सगळ्या पेचांच्या चुड्या. पिनियनचा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला छोटा स्क्रू), प्रॉप शाफ्टच्या कपांचे ग्रब स्क्रू, मोटर धरणारे स्क्रू. चुडीवर तेलाचा अंश असेल तर लॉकटाइट नीट धरत नाही, कंपनाने स्क्रू ढिला होतो आणि पिनियन शाफ्टवर गरगर फिरतं. हे स्क्रू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, शाफ्टचा सपाट भागही पुसा, मग निळं लॉकटाइट. ते धातू-धातूच्या जोडालाच, प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला नाही. प्लॅस्टिकमध्ये स्वतः चुडी पाडत जाणारे स्क्रू फार जोर लावून जात असतील तर चुडीवर अंघोळीच्या साबणाच्या वडीचा हलका हात फिरवा. भोक न फाटता स्क्रू मऊपणे जातो. ही युक्ती लाकूडकाम करणाऱ्यांकडून आलेली आहे.

दुसरी जागा म्हणजे तुमची बोटं. हे फार कमी लोक सांगतात. किंग हॉलरची केबिन कडक प्लॅस्टिकची आहे आणि तुम्ही ती रंगवणार आहात. कोणत्याही ग्रीसचा, त्यातही सिलिकॉन ग्रीस किंवा सिलिकॉन तेलाचा, पुसट डाग जरी त्या प्लॅस्टिकवर राहिला, तर रंग तिथे धरत नाही. स्प्रेचा थर सुकताना गोल-गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यांसारखे. मग सगळा थर घासून काढावा लागतो. म्हणून केबिन आधी रंगवून पूर्ण सुकवा, चेसिस नंतर. ते जमत नसेल तर दोन कामांसाठी दोन वेगळी कापडं आणि दोन वेगळे ब्रश ठेवा. रंगवायच्या आधी केबिनचे सगळे भाग साबणाने धुवा, मग ग्रीस कुठेच लागलं नाही याची खात्री असली तरी.

घरातल्या पर्यायांबद्दल विचारलंय म्हणून. डब्ल्यूडी-४० बरंचसं द्रावक असतं. फवारलं की आधीचं ग्रीस पातळ करून धुऊन काढतं आणि स्वतः उडून जातं. ट्रक चुकून पाण्यात गेला तर धातूच्या भागांमधलं पाणी हटवायला ते बरं, पण त्यानंतर नव्याने वंगण करावं लागतं. व्हॅसलिन उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या ट्रकमधून वितळून खाली येईल. खोबरेल तेल २४ अंशांच्या खाली गोठतं, डिसेंबरात नाशिक-पुण्याकडे सकाळी बाटलीत बघतोच आपण, तसंच ते बुशमध्ये गोठेल. शिलाई मशीनचं तेल मात्र दहा-वीस मिलिलिटरची बाटली आणून ठेवा, बुश, सरकते शाफ्ट आणि धुतलेली बेअरिंगं यांना ते वर्षानुवर्षं पुरतं. दातांवर घालू नका, तिथून ते निथळून डब्याच्या तळाशी जातं.

शेवटी, पुन्हा कधी उघडायचा. पहिल्या चार-पाच बॅटऱ्यांनंतर गिअरबॉक्स आणि दोन्ही डिफ, एवढं नक्की. उघडल्यावर ग्रीसचा रंग पाहा. राखाडी आणि एकसारखं असेल तर नव्या धातूची झीज आहे, पुसून नवीन भरा. ग्रीसमध्ये चमकणारे कण दिसले तर दोन धातूचे दात चुकीच्या अंतरावर बसलेत किंवा बेअरिंग गेलंय, एकेक शाफ्ट हातात हलवून बघा. पांढरी किंवा गिअरच्या रंगाची पावडर म्हणजे प्लॅस्टिकचा दात झिजतोय, तिथे ग्रीस वाढवून उपयोग नाही, शाफ्ट तिरका का आहे ते शोधा. ग्रीस डब्याच्या भिंतीवर जाऊन बसलंय आणि दाते कोरडे असतील तर ते फार घट्ट आहे, मऊ घ्या. यानंतर घरात चालणारा ट्रक वर्षातून एकदा उघडला तरी पुरतो. बाहेर धुळीत चालणाऱ्याचे उघडे जोड दर वेळी ब्रशने झाडा, आणि डबा पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बघा. पाण्यात गेला तर त्याच दिवशी उघडायचा. आत पाणी शिरलेलं ग्रीस दुधाळ होतं, ते सगळं काढून टाका, बेअरिंगं काढून कोरडी करा आणि प्रत्येकीत शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडून हाताने फिरवा. फिरताना खरखरली तर ती टाकून नवीन घाला.